तीन रणगाडे, पांच रात्री

माणसाला एखादें काम करावयाचें नसलें म्हणजे तो तसें सरळ कधींच म्हणत नाहीं; तो हत्याराची वाट पाहूं लागतो. कोणास लिहावयाचें असतें, पण मनाजोगी लेखणी मिळत नाहीं. कोणास व्यायाम करावयाचा असतो, पण आखाड्याची जागा पसंत पडत नाहीं. (ज्या अमरावतींत १९१४ सालीं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापन झालें, तेथें राहून ही सबब सांगण्यास विशेष धैर्य लागतें!) नाचतां येत नसलें म्हणजे अंगण वांकडें होतें, हें सर्वांस ठाऊक आहे. पण आमचा अनुभव असा कीं, पुष्कळांना नाचतां येत असतें, आणि तरीही अंगण सरळ होईपर्यंत ते बसून राहतात. आम्ही या दुसऱ्या वर्गांतले.

आमच्या कपाटांत सात रणगाडे अकरा वर्षें पडून होते. वाचकांनीं घाबरूं नये. ते प्लॅस्टिकचे, खऱ्याच्या ७२ पटींनीं लहान, तळहातावर मावणारे. त्यांचे सुटे भाग खोक्यांतून येतात. ते कापावयाचे, घांसावयाचे, चिकटवून जोडावयाचे आणि मग रंगवावयाचे, असा हा छंद आहे. सातांपैकीं तीन आम्हीं जोडले होते, चार अद्यापि खोक्यांतच होते. रंग मात्र एकासही लागला नव्हता. त्यासाठीं एअरब्रश पाहिजे, असा आमचा सिद्धांत होता. एअरब्रश म्हणजे लेखणीएवढें एक यंत्र. त्यास कॉम्प्रेसरची हवा जोडली कीं रंगाचें धुकें होतें, आणि तें वस्तूवर असें अलगद बसतें कीं कुंचल्याची एक रेघ दिसत नाहीं. अहमदनगरास (आतां त्यास अहिल्यानगर म्हणतात) १९९४ सालीं उघडलेलें रणगाड्यांचें संग्रहालय आहे. तेथें खरा सेंच्युरियन रणगाडा पाहून परततांना आम्हीं निश्चय केला होता कीं, रंगवूं तर यंत्रानेंच. पुढें यंत्र आलें नाहीं आणि निश्चयही मोडला नाहीं. कुटुंबाचें म्हणणें असें कीं, ही सेना निःशस्त्रीकरणाच्या तहांत सांपडली आहे.

वैशाखांतल्या एका मंगळवारीं अकोल्याहून भाच्याचा फोन आला.

"मामा, काय करून राहिले?"

"कांहीं नाहीं रे. कां?"

"रविवारीं आजोबांचें सहस्रचंद्रदर्शन आहे, लक्षांत आहे ना? त्यांच्यासाठीं तुमचे तीन सेंच्युरियन पाहिजेत. पण रंगवलेले."

आजोबा म्हणजे आमच्या ताईचे सासरे, आप्पा. त्यांची सारी नोकरी लष्कराच्या ई. एम. ई. मध्यें, म्हणजे यंत्रें व वाहनें दुरुस्त करणाऱ्या दलांत, झाली. १९७१ च्या युद्धांत ते शकरगडच्या आघाडीवर होते. सेंच्युरियन हा १९४५ सालीं इंग्लंडांत तयार झालेला, पन्नास टनांहून जड, चौघांनीं चालवावयाचा रणगाडा. त्यांचीं इंजिनें आप्पांच्या हाताखालून गेलेलीं. पण युद्धाविषयीं आप्पा घरांत कधीं एक शब्द बोलले नव्हते. शिवाय काचबिंदूनें त्यांचा एक डोळा गेला होता, आणि दुसऱ्याची दृष्टि महिन्या-महिन्यानें उणी होत होती. "पुढल्या वर्षीं करूं" असें म्हणण्याजोगी ही गोष्ट नव्हती. तरीही आम्हीं संवयीप्रमाणें म्हटलें, "अरे, पांच दिवसांत कसें होईल? तें यंत्र अजून..."

"मामा, अमरावती-अकोल्याचा रस्ता पांच दिवसांत झाला!"

यावर उत्तर नव्हतें. २०२२ च्या जूनमध्यें याच दोन गांवांच्या दरम्यान ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी पदर १०५ तास ३३ मिनिटांत अखंड घातला गेला, आणि त्याची नोंद गिनेस बुकांत झाली. ज्या रस्त्यानें आमचे रणगाडे अकोल्यास जाणार, तोच रस्ता भाच्यानें आमच्यापुढें उभा केला.

बुधवारीं भर दुपारीं आम्हीं काळ्या रंगाचा फवाऱ्याचा डबा घेऊन गच्चीवर अस्तर मारलें. वऱ्हाडांतील वैशाखाची दुपार! रंगाचे थेंब वाटेंतच वाळले आणि रणगाड्यांवर बारीक रवाळ कण होऊन बसले. दोष सर्वस्वीं आमच्या उतावळेपणाचा. हें काम सकाळच्या गारव्यांत करावयाचें असतें. आम्ही कपाळास हात लावून बसलों. पण संध्याकाळीं दिव्याखालीं पाहतों तों तोफेचा बुरूज अगदीं खऱ्यासारखा खडबडीत दिसत होता! सेंच्युरियनचा बुरूज ओतीव पोलादाचा. त्याचा पृष्ठभाग गुळगुळीत नसतोच. अकरा वर्षें जी सफाई आम्ही यंत्राकडून मागत होतों, ती मुळांत रणगाड्यालाच नको होती, असा संशय त्या रात्रीं आम्हांस प्रथम आला.

पुढचें काम कुंचल्यानें. त्यांतील युक्ति एवढीच कीं, एक रणगाडा संपवून दुसरा घ्यावयाचा नाहीं; एकेक कृति तिन्हींवर करीत जावयाची. तिसऱ्याचा हिरवा होईतों पहिला वाळलेला असतो, म्हणून वाट पाहण्यांत वेळ जात नाहीं. रंग दाट एकदां न देतां पातळ करून दोन हात द्यावयाचे, म्हणजे कुंचल्याच्या रेघा उरत नाहींत. खांचाखोंचांत खालचें काळें अस्तर राहिलें तर राहूं द्यावें; ती फुकटची सावली होते. उकाड्यानें रंग बशींतच सुकूं लागला, तेव्हां कुटुंबानें एका ताटलींत ओलें फडकें पसरून त्यावर बटर पेपर ठेवून दिला. त्यावर काढलेला रंग दोन दोन तास ओला राहिला.

दुसरी कृति कोरड्या कुंचल्याची. हिरव्यांत थोडा पिंवळट रंग मिसळावयाचा, कुंचला त्यांत बुडवावयाचा आणि लगेच जुन्या धोतराच्या फडक्यावर जवळजवळ सगळा पुसून टाकावयाचा. मग तो कुंचला कडांवरून हलकेच फिरविला कीं झांकणें, बिजागऱ्या, पत्र्यांचे कांठ असे उठून दिसूं लागतात, जणूं ऊन पडलें आहे. तिसरी कृति उलट. काळपट तपकिरी रंग पाण्यासारखा पातळ करून सर्वांगास लावावयाचा; तो आपोआप खांचांत जाऊन बसतो. राहिलेला ओल्या कुंचल्यानें वरून खालीं ओढावयाचा, कारण पाऊस आणि मळ वरून खालीं ओघळतात. मग भांडीं घांसण्याच्या स्पंजाचा तुकडा गडद रंगांत टेंकवून कांठांवर टिपलें कीं रंग उडाल्यासारखे बारीक टवके दिसतात. पट्ट्यांना काळा रंग देऊन वर शिसपेन्सिल घांसली कीं झिजलेल्या पोलादाची चमक येते. या सगळ्याला तीन रात्री पुरल्या. अकरा वर्षांचें काम तीन रात्रींचें निघालें, याचा आनंद मानावा कीं लाज बाळगावी हें आम्हांस कळेना.

मनाचें समाधान करण्याकरितां आम्हीं पुस्तकें चाळलीं, तेव्हां आणखी एक गोष्ट सांपडली. दुसऱ्या महायुद्धांत, १९४३ पासून, जर्मन तुकड्यांना रंग घट्ट लुकणासारखा डब्यांतून मिळे. तो पाण्यानें किंवा पेट्रोलनें पातळ करून आपल्या रणगाड्यास आपणच द्यावयाचा. फवाऱ्याचें यंत्र हातीं नसलें कीं ते कुंचल्यानेंच फांसत. खऱ्या रणगाड्यांस जें चाललें, तें आमच्या चार इंची रणगाड्यांस चालत नव्हतें!

शनिवारीं चिखल उरला. अंगणांतली काळी माती वाळवून, कुटून, चहाच्या गाळणींतून गाळून आम्हीं फेव्हिकॉलच्या पाण्यांत कालविली आणि चाकांवर, पट्ट्यांवर, खालच्या अंगावर लावली. गाळणी कोठून आली याचा उलगडा झाल्यावर घरांत जें संभाषण झालें, तें येथें देण्याचें कारण नाहीं. नवी गाळणी त्याच संध्याकाळीं गांधी चौकांतून आणली.

रविवारीं पहांटे बूट ठेवण्याच्या खोक्यांत कापसावर तिन्ही रणगाडे ठेवून आम्ही निघालों. बडनेरा, मूर्तिजापूर मागें पडलें, आणि तो पांच दिवसांचा रस्ता आम्हांस जठारपेठेपर्यंत घेऊन गेला. शांति झाली, आप्पांस औक्षण झालें, जेवणें झालीं. मंडळी पांगल्यावर भाच्यानें खोकें उघडून एक रणगाडा आजोबांच्या हातांत दिला.

आप्पांनीं तो डोळ्यांशीं धरला. मग डोळे मिटून अंगठ्यानें चांचपूं लागले. नळी, बुरूज, मागची इंजिनाची झांकणें. बुरुजाच्या खडबडीत अंगावर अंगठा थोडा थांबला. मग पट्ट्यांशीं आला.

"सेंच्युरियन," ते म्हणाले. "पण माती आपल्याकडची लावलीत. तिकडे भुरकी होती."

आम्ही ओशाळलों. "बदलून देतों, आप्पा."

"नको. असूं द्या." आणि मग, चोपन्न वर्षांत जें घरांत कोणी ऐकलें नव्हतें, तें ते आपण होऊन सांगूं लागले. १५ डिसेंबरची रात्र, बसंतर नदीचें पात्र, पलीकडे पेरलेले सुरुंग. वाट करण्याचें काम अर्धेंच झालें होतें. पलीकडच्या पायदळावर शत्रूचे रणगाडे येत असल्याची बातमी आली, आणि पूना हॉर्सचे गाडे वाट पुरती मोकळी होण्यापूर्वींच सुरुंगांतून पुढें गेले. दुसऱ्या दिवशीं तेथें पडलेल्यांत २१ वर्षांचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल होते. त्यांस मरणोत्तर परमवीरचक्र मिळालें. एवढें पुस्तकांत आहे. आप्पांनीं सांगितलें तें पुस्तकांत नाहीं.

"मोडका गाडा ओढून आणायचा आणि चालता करायचा, हें आमचें काम. इंजिन होई, पट्टा होई. मग आंत उतरावें लागे. आंत..." आप्पा थांबले. "आंत धुवून काढूं आणि पांढरा रंग देऊं. ब्रशनेंच. रात्रींतून. सकाळीं दुसरे चौघे येऊन बसायचे ना त्यांत. त्यांना मागचें कांहीं दिसूं नये."

कोणी बोललें नाहीं. भाचा आजोबांच्या पायांशीं बसला होता. ताई स्वयंपाकघराच्या दारांत पदराचें टोंक धरून उभी होती. ज्या घाईचा आम्हीं पांच दिवस एवढा बाऊ केला, ती घाई आणि ही घाई यांचें नांव एकच असावें, याचें आम्हांस फार वाईट वाटलें.

निघतांना आप्पांनीं दोन रणगाडे भाच्यास दिले, एक आपल्या उशाशीं ठेवून घेतला. "हात चांगला आहे तुमचा," ते म्हणाले. "थांबूं नका."

अमरावतीस परतल्यावर आम्हीं उरलेल्या चार खोक्यांपैकीं एक उघडलें. एअरब्रशचा विषय कुटुंबानें काढला नाहीं, आम्हींही नाहीं. या लहान रणगाड्यांच्या पोटांत कांहीं नसतें, आणि वरचा व खालचा भाग एकदां चिकटविला कीं आंतलें कोणास दिसतही नाहीं. म्हणून तेथें रंग देण्याची रीत नाहीं. आम्हीं चिकटविण्यापूर्वीं आंतून पांढऱ्याचा एक हात दिला. तो वाळल्यावर दुसरा दिला, आणि मग रणगाडा बंद केला.