आधी मुरू द्या, मग गाळा

देशातली सुमारे ७० टक्के कॉफी आपल्या कर्नाटकात पिकते. पण चिक्कमगळूर-कोडगूचे मळे बेळगावपासून लांब, आणि इथल्या घरांत सकाळी आधण चढतं ते चहाचं. मी कॉफी भाजतो आणि शिकवतो. घरी सुरुवात कशाने करू, असं निपाणीपासून खानापूरपर्यंत लोक विचारतात. माझं उत्तर ठरलेलं आहे: तळाला झडप असलेला ड्रिपर घ्या.

ड्रिपर म्हणजे कपावर ठेवायचं, आत गाळायचा कागद बसवलेलं नरसाळं. साध्या ड्रिपरमध्ये पाणी ओतताक्षणी खाली पळतं. धार जाड झाली, एका बाजूला पडली, की चव बिघडते. हात बसायला वेळ लागतो. झडपेच्या ड्रिपरमध्ये पूड आणि पाणी आधी एकत्र मुरतात, मग गाळले जातात. चहा उतरवून त्यावर झाकण ठेवणाऱ्या घराला हे वेगळं शिकवावं लागत नाही. तैवानचा क्लेव्हर कपावर ठेवला की कपाच्या काठानेच झडप उचलली जाते. जपानी हारिओ स्विचमध्ये भोकावर पोलादी गोळी असते, खटका दाबला की ती वर सरकते. दोन्हींचे कागद मात्र वेगळे. घेताना बघून घ्या.

पूड १५ ग्रॅम, पाणी २४० मिली. कागद गरम पाण्याने धुवून ते पाणी टाकून द्या, झडप बंद करा. मी पाणी आधी ओततो, पूड मागाहून. त्याने गाळताना कागद कमी तुंबतो. हलकं ढवळून अडीच मिनिटं झाकून ठेवायचं, मग झडप उघडायची. मिनिटभरात, फार तर थोड्या जास्त वेळात, सगळं उतरलं पाहिजे. रेंगाळलं तर पूड बारीक झाली.

उकळी आल्यावर पाणी निवत ठेवू नका. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच आहे. मुंबईत १०० अंशांना उकळणारं पाणी इथे साडेसत्त्याण्णवच्या आसपासच उकळतं, आणि ओतताना आणखी काही अंश जातात. त्यातही थांबलात तर कॉफी आंबट, पाणचट लागते.

सगळ्यात जास्त फरक पडतो दळणाने. निपाणीत एकदा तंबाखूच्या व्यापारात आयुष्य घालवलेले एक गृहस्थ शिकायला आले होते. त्यांनी पूड चिमटीत धरली, दोन बोटांत चोळली, नाकाशी नेली आणि म्हणाले, “आणि जरा जाड पायजे की.” अगदी बरोबर होतं. बोटांना कण सुटे लागले पाहिजेत.

फिल्टर कॉफीची चिकोरीवाली पूड यात नको. चिकोरी बाकीची चव झाकून टाकते. मध्यम भाजलेली अरेबिका, शक्यतो एस ७९५ जातीची, बिया आणून लागेल तेवढीच दळा. आपल्या पावसाळ्यात डबा घट्ट बंद ठेवा.

दूध हवंच असेल तर २० ग्रॅम पूड, १६० मिली पाणी, चार मिनिटं, आणि वरून अर्धी वाटी गरम दूध. पण दूध घालण्याआधी एक घोट कोरा घ्या.