मका, बट्टी आणि कालची भाकरी

मक्याची भाकरी परातीतून उचलताना अजून हात चाचरतो. पीठ उकळत्या पाण्यात भिजवून दहा मिनिटं झाकून ठेवलं, तरच ते जरा ऐकतं. गव्हात जे चिवट ग्लुटेन असतं ते मक्यात नाही. सगळा भार गरम पाण्यानं फुगलेल्या स्टार्चवर. तरी कडा फाटतातच. इकडे सातपुड्यातल्या पावरा घरांत मक्याची भाकर रोजची, तिथल्या बायका हे बघून हसतील.

*

भाचीचा अटलांटाहून फोटो आला. नोव्हेंबरचा चौथा गुरुवार, थँक्सगिव्हिंग. काचेच्या तसराळ्यात काहीतरी पिवळंतपकिरी, वरून खरपूस. ‘मावशी, हे कॉर्नब्रेड ड्रेसिंग. मक्याचा पाव आदल्या दिवशीच करून ठेवायचा, दुसऱ्या दिवशी कुस्करायचा, त्यात कांदा, सेलरी, सेज नावाचा पाला, अंडं आणि कोंबडीचं पाणी घालून भट्टीत भाजायचं.’ टर्कीच्या पोटात भरलं की स्टफिंग, बाहेर वेगळं भाजलं की ड्रेसिंग, असंही तिनं शिकवलं. मी लिहिलं, ‘हा तर आपला कुसकरा, फक्त लग्नाला निघालेला.’

*

आमचा कुसकरा. कालच्या मक्याच्या तीन भाकरी. मिक्सर नको, पीठ होतं. बोटांनीच मोडायच्या, काही तुकडे तुरीच्या दाण्याएवढे, काही हरभऱ्याएवढे, मुद्दाम असमान. वरून अर्धी वाटी ताक शिंपडून झाकून ठेवायचं. कढईत तेल जरा सढळ, जिरं, ठेचलेला लसूण, हिरवी मिरची, शेंगदाणे, मग कांदा. हळद, मीठ. कुसकरा घालून मंद आचेवर झाकण. तळाशी जी खरवड धरते, तिच्यावरून आमच्याकडे अजून भांडणं होतात.

ताज्या भाकरीचा करून पाहिला एकदा. लगदा. भाकरी गार झाली की फुगलेला स्टार्च पुन्हा आवळून घट्ट बसतो, म्हणून शिळा तुकडा ताक पितो पण विरघळत नाही. अटलांटावाले पाव एक दिवस आधी करतात तो याचसाठी.

*

बट्टीचं दळण: पाच किलो गहू, एक किलो मका, मूठभर हरभऱ्याची डाळ. रवाळ. गेल्या दिवाळीत दळण बारीक होऊन आलं आणि बट्ट्या अशा झाल्या की वरणात टाकल्या तर आवाज यावा. आता मी गिरणीत उभी राहते, चिमूट हातावर घेऊन बघते, मगच पुढचं दळू देते.

मका सालासकट दळतो तेव्हा त्याचा कोंब, म्हणजे त्यातलं तेलही पिठात येतं. आमच्या चोपड्याच्या मे महिन्यात असं पीठ लवकर कडवट होतं. म्हणून दाणे भरपूर ठेवावेत, पीठ थोडं. दाणे मात्र दाताखाली कडक वाजले पाहिजेत. ओल राहिली की आधी बुरशी, मग सोंडे. बुरशीचा मका निवडत बसू नये, सरळ टाकून द्यावा. त्यातलं अफ्लाटॉक्सिन शिजवूनही जात नाही.

*

भंडाऱ्याच्या पंगतीतली दाय-बट्टी. पिठात ओवा, हळद, मीठ, तेलाचं मोहन. लांबट वळकट्या करून रात्रीच वाफवून ठेवतात. सकाळी गार वळकट्या सुरीनं कापल्या की कडा स्वच्छ येतात, तळताना सुटत नाहीत. गरम कापा, चुरा होतो. सोबत तुरीचं वरण आणि घोटलेली वांग्याची भाजी. ताटात बट्टी मात्र अख्खी खायची नाही. आधी हातानं फोडायची, मग मध्ये आळं करून वरण. माझ्या सासऱ्यांना सून चमचा मागते याचाच राग यायचा.

*

फ्रीजचं. वाफवलेल्या बट्ट्या डब्यात तीन-चार दिवस राहतात. तळलेल्या ठेवू नयेत, वातड होतात. कुसकऱ्याला भाकरी फ्रीजमध्ये ठेवली की आणखी कोरडी पडते, फ्रीजच्या थंडीत ती बाहेरपेक्षा लवकर शिळी होते. हे मला चालतं, ताक थोडं जास्त. ताक घातलेला, फोडणीचा कुसकरा मात्र ओला पदार्थ. उन्हाळ्यात ओट्यावर तासाभराच्या वर नको. उरला तर उथळ डब्यात पसरून फ्रीजमध्ये, आणि खाताना वाफ येईपर्यंत गरम.

*

भाचीला विचारलं, उरलेल्या ड्रेसिंगचं काय करता? ‘दुसऱ्या दिवशी तव्यावर परतून अंड्याबरोबर.’ म्हणजे शिळ्याचं शिळं. आमच्याकडे उरलेली बट्टी गूळ-तुपात कुस्करून लाडू होते. तिला म्हटलं, पुढच्या नोव्हेंबरात थोडं ड्रेसिंग सेज न घालता बाजूला काढ, गूळ मी पाठवते.

ती म्हणाली, अंडं आहे गं त्यात.

राहिलं.