‘त्यांनी’ म्हणजे कोणी?

इंग्रजीतले ‘दे’ आणि मराठीतले ‘ते’ ही एकाच घराण्यातली सर्वनामे आहेत. संस्कृत ‘ते’ आणि प्राचीन नॉर्स भाषेतले ‘थेइर’ यांचे मूळ एक. आणि इंग्रजीने आपले ‘दे’ घेतले ते या नॉर्सकडून. स्कँडिनेव्हियातून येऊन इंग्लंडात वसलेल्यांचे हे सर्वनाम इंग्रजीत रुजले आणि जुने देशी रूप मागे पडले. भाषा एकमेकींकडून नामे सहज उचलतात, सर्वनामे क्वचितच. म्हणून ही घटना नोंद घेण्यासारखी. मुळात हे दर्शक सर्वनाम, म्हणजे बोट दाखवणारे. मराठीतील ‘तो, ती, ते’ आजही बोट दाखवतात. इंग्रजी ‘दे’ने ते काम सोडून दिले आहे. ते केवळ पूर्वी उल्लेखिलेल्यांची आठवण देते; ती माणसे पुरुष होती की स्त्रिया, याची विचारपूस करीत नाही.

या फरकाचे परिणाम व्याकरणाच्या पुस्तकाबाहेर कोठवर पोचतात, हे पाहण्यास वर्ध्याजवळच्या पवनारइतके योग्य स्थळ नाही. धाम नदीच्या पलीकडचे म्हणून ‘परमधाम’ हे नाव मिळालेल्या जागी विनोबा भावे १९३८ साली राहावयास आले. तेथेच २५ मार्च १९५९ रोजी ब्रह्मविद्या मंदिराची स्थापना झाली. ब्रह्मविद्येची साधना स्त्रियांनी स्वतंत्रपणे आणि सामूहिकरीत्या करावी, ही त्यामागील कल्पना. विनोबांना स्त्रियांमधून शंकराचार्यांच्या तोडीची ज्ञानवैराग्यसंपन्न व्यक्ती उभी राहावी असे वाटे. पण जी संस्था त्यांनी कल्पिली तिला एक प्रमुख असा नाहीच. निर्णय सर्वसंमतीने. शेती, सूतकताई, स्वयंपाक, छापखाना ही सारी कामे वाटून घेतलेली. अशा संस्थेचा इतिहास लिहिताना सर्वाधिक वापरावे लागणारे सर्वनाम तृतीयपुरुषी अनेकवचनीच असणार. अनेकवचन हे तेथे व्याकरणाचे रूप नाही, साधनेचे आहे.

इंग्रजीत लिहिणाऱ्याचे काम एका बाजूने सोपे होते. विनोबांसाठी ‘ही’, आश्रमवासीयांसाठी ‘दे’. स्थापना कोणी केली आणि पुढे संसार कोणी चालवला, यात गोंधळ होत नाही. मात्र आरंभी एकदा ‘भगिनी’ हा शब्द येऊन गेला की पुढची सगळी पाने ‘दे’वर चालतात आणि त्या स्त्रिया आहेत ही गोष्ट वाचकाच्या मनातून हळूहळू विरत जाते. मग हे लेखन मराठीत येते. अनुवादक थकलेला असला तर ‘दे’च्या जागी ‘ते’ बसते, आणि दोनचार पानांत पवनारच्या भगिनींचे पुरुष होतात. हा दोष उघड आहे, म्हणून फार गंभीर नाही. चांगला संपादक तो दुरुस्त करतो.

गंभीर प्रश्न पुढे आहे, आणि तो मुळातून मराठीत लिहिणाऱ्यालाही चुकत नाही. मराठीत ‘ते’ आणि ‘त्या’ हा भेद प्रथमेपुरता. विभक्तीचा प्रत्यय लागला की दोहोंचे ‘त्यांना’, ‘त्यांचा’, ‘त्यांनी’ होते आणि लिंग नाहीसे होते. त्यात भूतकाळी सकर्मक क्रियापद कर्माच्या मागे जाते. ‘त्यांनी भाजी लावली’, ‘त्यांनी पुस्तक छापले’ या वाक्यांत भाजीचे लिंग कळते, पुस्तकाचे कळते. लावणाऱ्यांचे आणि छापणाऱ्यांचे कळत नाही. लिंग गेले ते गेले, येथे वचनही जाते. कारण मराठी माणूस आदराने एकाला अनेक करतो. विनोबाही ‘त्यांनी’, भगिनीही ‘त्यांनी’. असे एक वाक्य कल्पावे: ‘विनोबांनी मंदिर स्थापले, त्यांनी शेती उभी केली, छापखाना चालवला, ग्रंथ वाचकांपर्यंत पोचवले.’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. लिहिणाऱ्याच्या मनात दुसऱ्या ‘त्यांनी’चा अर्थ भगिनी असा असूही शकेल. वाचणारा मात्र सगळे श्रेय विनोबांच्या पदरात टाकणार, कारण सर्वनाम जवळच्या आणि मोठ्या नावाकडे ओढले जाते.

येथे इतिहासाची साक्ष काढावी. १९५१ साली पवनारहून पायी निघालेले विनोबा परतले ते १९६४ साली. म्हणजे मंदिराच्या पहिल्या पाच वर्षांत संस्थापक तेथे नव्हते. भूदानाच्या पदयात्रेत होते. त्या पाच वर्षांतील प्रत्येक ‘त्यांनी’ भगिनींचा आहे. तो त्यांना मिळतो का, हे मराठी गद्याने स्वतःला विचारावे. आदर दाखवण्याची आपली रीत ही श्रेय वाटण्याचीही रीत होऊन बसते, आणि तिचा लाभ नेहमी ज्याला आधीच पुष्कळ मान आहे त्यालाच होतो.

आदरार्थी बहुवचन आपण सर्वांना सारखे देत नाही, हेही प्रसंगाने सांगायला हवे. मराठी समीक्षेत ‘मर्ढेकरांनी लिहिले’ आणि ‘शेक्सपिअरने लिहिले’ ही वाक्ये शेजारी शेजारी नांदतात. कालिदास एकवचनी. देव तर एकवचनीच. विनोबांच्या नावातील ‘बा’ हा ज्ञानोबा-तुकोबांच्या पंक्तीतला, आदराचा. परंतु उत्तरायुष्यात ते स्वतःचा उल्लेख ‘बाबा’ असा, तृतीयपुरुषी आणि तोही एकवचनी क्रियापदाने, करीत. बोलणारा स्वतःला एक म्हणे आणि ऐकणारे त्याला अनेक करीत.

इंग्रजीतही एकासाठी अनेकवचन नवे नाही. कोणी तरी, प्रत्येक जण, अशा अनिश्चित व्यक्तीसाठी ‘दे’ चौदाव्या शतकापासून आढळते. पुढे व्याकरणकारांनी ते अशुद्ध ठरवून पुल्लिंगी एकवचन पुढे केले. १८५० साली ब्रिटिश पार्लमेंटने कायद्यांच्या भाषेत पुल्लिंगी शब्दांत स्त्रियाही अंतर्भूत समजाव्यात असे ठरवले. आता स्वतःला स्त्री वा पुरुष यांपैकी काहीच न म्हणवणाऱ्या व्यक्तीसाठीही ‘दे’ रूढ होत आहे. मेरिअम-वेब्स्टर कोशाने २०१९ साली तो अर्थ नोंदवला. या ‘दे’ला मराठीत ‘ते’ म्हणावे तर पुरुष होतो, शिवाय आदरणीय. इंग्रजीने जे मोकळेपणासाठी केले ते मराठीने आधीच अदबीसाठी खर्चून टाकले आहे.

मराठीजवळ एक गोष्ट आहे, जी इंग्रजीजवळ नाही: नपुंसकलिंगी अनेकवचन. नवराबायको आली, ती दोघे बसली. पूर्वी हे ‘तीं’ अनुस्वाराने ओळखू येई; १९६२च्या लेखननियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले आणि ते एकवचनी ‘ती’त मिसळले. ब्रह्मविद्या मंदिरात मोजके पुरुष साधकही राहत आले आहेत. भगिनींच्या समूहात एक पुरुष आला की ‘त्या’ म्हणता येत नाही आणि लेखणी सवयीने ‘ते’कडे वळते, बहुसंख्य स्त्रिया एका पुरुषाच्या सर्वनामात राहावयास जातात. वास्तविक व्याकरणाने येथे ‘ती सर्व’ ही सोय करून ठेवली आहे. संस्थांच्या अहवालांत आणि चरित्रग्रंथांत ती अभावानेच दिसते. घरगुती वाटते म्हणून असेल.

‘त्यांनी’ला मात्र अशी सोय नाही. तेथे नाम परत परत लिहावे लागते: भगिनींनी पेरले, भगिनींनी जुळारी केली, भगिनींनी छापले. पुनरुक्ती हा शैलीचा दोष मानणारे मुद्रितशोधक पहिला ‘भगिनींनी’ ठेवून बाकीचे खोडतात.