‘कार्गो’ : मरणानंतरचा सिनेमा आणि मरणाआधीची बोलणी



या ब्लॉगवर मी एरवी शुगर, बीपी, डेंग्यू अशा विषयांवर लिहितो. आज एका सिनेमाबद्दल लिहितोय, पण विषय आपल्या दवाखान्यातलाच आहे.

सिनेमाचं नाव ‘कार्गो’, भाषा हिंदी. दिग्दर्शिका आरती कडव मूळच्या नागपूरच्या. २०१९ च्या मुंबईतल्या मामी महोत्सवात तो दाखवला गेला आणि सप्टेंबर २०२० मध्ये नेटफ्लिक्सवर आला. विज्ञानपट म्हटलं की लेझरच्या बंदुका आणि अक्राळविक्राळ राक्षस डोळ्यांसमोर येतात. इथेही राक्षस आहेत, पण ते बिचारे नोकरी करतात!

पुष्पक ६३४-ए नावाचं एक अंतराळयान आहे. पृथ्वीवर माणूस मेला की तो या यानात ‘कार्गो’ म्हणजे माल म्हणून येतो. प्रहस्थ हा तिथला जुना कर्मचारी. रावणाच्या सेनापतीचं नाव प्रहस्त होतं, त्यावरूनच हे नाव आलं असावं. तो आलेल्या माणसाच्या वस्तू जमा करतो, शरीरावरच्या जखमा बऱ्या केल्या जातात, मग आठवणी पुसायच्या आणि पुढच्या जन्माला पाठवून द्यायचं. विक्रांत मॅसीने हे काम अगदी सरकारी कारकुनासारखं, आवाज न चढवता केलं आहे. त्याच्या हाताखाली नवीन आलेली युविष्का (श्वेता त्रिपाठी) जखमा बऱ्या करते, पण येणाऱ्या प्रत्येकाचं दुःख मनाला लावून घेते. ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’मध्ये दादासाहेब फाळके झालेले आपले नंदू माधव यात प्रहस्थचे वरिष्ठ आहेत.

सिनेमा संथ आहे. काही धागे अर्धवट सुटल्यासारखे वाटतात. मारामारी पाहायची असेल तर याच्या वाटेला जाऊ नका. मला मात्र तो आवडला, कारण मरणाकडे तो घाबरून पाहत नाही. यमराज नाही, रेडा नाही, पापपुण्याचा हिशेब नाही. आहे ते रोजचं काम.

पण डॉक्टर म्हणून मला टोचली ती एक गोष्ट. यानात येणारी बहुतेक माणसं गोंधळलेली असतात. आपलं काहीतरी राहून गेलं, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं. अपघातात गेलेल्याचं समजू शकतो. पण कॅन्सर, निकामी झालेल्या किडन्या, शेवटच्या टप्प्यातला लिव्हरचा आजार, यांत महिनोन्‌महिने हातात असतात. तरी आपल्याकडे काय होतं? रिपोर्ट आला की मुलगा मला बाजूला घेतो : “साहेब, अण्णाला काही सांगू नका. हाय खातील.” आत अण्णा विचारतात : “डॉक्टर साहेब, पोरं माझ्यापासून काय लपवायलेत?” मुलाला वडिलांची काळजी, वडिलांना मुलाची. दोघांनाही अंदाज असतो आणि दोघंही गप्प असतात. शेवटी अण्णा जातात आणि बोलायचं ते राहूनच जातं.

यावर माझं सांगणं असं :

पहिलं, पेशंटलाच विचारा. “तुमच्या आजाराबद्दल सगळं ऐकायचंय की थोडंच?” कुणी म्हणेल, “पोराला सांगा, तो बघून घेईल.” तेही चालेल. निर्णय त्यांचा असावा.

दुसरं, खरं सांगणं म्हणजे “आता काही होत नाही” म्हणणं नव्हे. आजार बरा होत नसला तरी वेदना, दम लागणं, उलट्या, झोप न येणं यांवर उपचार असतात. याला पॅलिएटिव्ह केअर म्हणजे वेदनाशामक देखभाल म्हणतात. ती अगदी शेवटीच सुरू करायची असं नाही, इतर उपचारांसोबतही देता येते.

तिसरं, शेवटी व्हेंटिलेटर लावायचा का, घरीच राहायचं का, हे पेशंट शुद्धीत असतानाच विचारा. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ‘लिव्हिंग विल’ म्हणजे वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली. २०२३ मध्ये पद्धतही सोपी केली : दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही.

चौथं, फक्त जमीन आणि बँकेच्या वारसाचंच बोलू नका. कुणाची माफी मागायची आहे, कुणाला भेटायचं आहे, कोणती लेक सासरहून यायची आहे, हेही विचारा.

सगळं एकाच दिवशी बोलायचं नसतं. चहा पिता पिता एक प्रश्न विचारला तरी पुरे. पेशंट रडले तर रडू द्या, जवळ बसून राहा. बोलल्याने माणूस लवकर जातो, असं मी माझ्या प्रॅक्टिसमध्ये पाहिलेलं नाही. मन हलकं झालेलं मात्र पुष्कळदा पाहिलं आहे.

प्रहस्थच्या यानात आठवणी पुसायला यंत्र आहे. आपल्या घरात त्या मागे राहिलेल्यांजवळच राहतात, वर्षानुवर्षं. त्या बऱ्या असाव्यात, एवढं आपल्या हातात आहे.

सिनेमा जमल्यास घरच्यांसोबत बघा. तो संपल्यावर बोलायला विषय आपोआप निघेल.

काळजी घ्या.