नेट गेलं म्हणजे नेमकं काय गेलं

कॉम्प्युटर स्वतः जोडला की एक अडचण होते. बिघडला तर शिव्या द्यायला कोणी उरत नाही. नगरहून सुटे भाग आणले, खाटेवर पसारा मांडून जोडले. यंत्र ठणठणीत चालतं. फक्त नेट जातं, दिवसातून आठ-दहा वेळा.

*

केबलवाल्या पोराला फोन. "काका, आपल्याकडून सिग्नल फुल आहे. राऊटर बंद करून चालू करा." केला. नेट आलं. या औषधानं कुठलाही रोग तासभर बरा होतो आणि रोग कोणता होता ते कळायची वाट बंद होते.

*

म्हणून वही घातली. रकाने तीन: वेळ, लाईटीचं काय, आईच्या मोबाईलवर वायफाय होतं का. तिसरा सगळ्यात कामाचा. तिकडे कीर्तन चालू आणि इकडे नेट गेलेलं, तर दोष माझ्या टेबलावर. दोन्हीकडे गेलं तर टेबलाबाहेर.

*

दोन काळ्या खिडक्या उघडून दोन पिंग लावून ठेवले. एक घरातल्या राऊटरला, १९२.१६८.१.१. दुसरा बाहेर, ८.८.८.८. पहिलाच थांबला तर घोटाळा घरात; पहिला चालू आणि दुसरा थांबला तर भिंतीपलीकडे. पिंग हा प्रोग्राम माईक मूस यांनी १९८३ साली लिहिला, नाव सोनारच्या आवाजावरून ठेवलं. (पाणबुडीतलं सोनार. आमच्या पेठेतला नव्हे.) विहिरीत खडा टाकून पाणी किती खोल ते ऐकतात, तसंच हे.

*

आठ दिवसांची वही वाचली. आजार एक नाही, दोन आहेत, आणि एकमेकांच्या आड लपलेत. सकाळी जातं तेव्हा मोबाईल चालू असतो, पहिलाच पिंग थांबतो. रात्री जातं तेव्हा दोन्हीकडे जातं आणि दोन-तीन मिनिटांनी आपोआप येतं.

*

सकाळचा आजार. ड्रायव्हर बदलला. वीज वाचवण्यासाठी लॅन बंद करायची जी परवानगी विंडोजला दिलेली असते, ती काढून घेतली. फरक शून्य. मग सहज लॅनची गती पाहिली: कधी १००० एमबीपीएस, कधी १००. तिथं ट्यूब पेटली. केबलीत तारांच्या चार जोड्या असतात. १०० ला दोन पुरतात, १००० ला चारही लागतात. एखादी जोडी ढिली पडली की राऊटर आणि कॉम्प्युटर गती ठरवायला नव्यानं बोलणी करतात, आणि तेवढा वेळ लिंक तुटलेली. प्लग मीच क्रिम्प केलेला. तपकिरी तार टोकापर्यंत पोचलीच नव्हती. प्लग पारदर्शक असतो. चष्मा लावला असता तर तेव्हाच दिसलं असतं.

सकाळीच का? आई झाडायची. केरसुणी टेबलाखालच्या केबलीला लागायची.

*

रात्रीच्या आजाराची तक्रार नोंदवायला फॉर्म भरला. जिल्ह्याच्या यादीत अहिल्यानगर सापडेना. नाव बदललं २०२४ मध्ये, पण यादीत अजून अहमदनगरच. नगर लिहून भागलं असतं तर बरं झालं असतं. बोलताना सगळे तेच म्हणतात.

*

रात्रीचा आजार. आमचं घर राहुरी तालुक्यात, वस्तीवर. लाईट शेतीच्या फिडरची. थ्री फेज पाळीनं येते, कधी दिवसा, कधी रात्री. या महिन्यात रात्रीची पाळी. फेज बदलताना लाईट मिचकते, आणि थ्री फेज आली रे आली की डीपीवरच्या सगळ्या मोटारी ऑटोस्विचनं एकदम उठतात. बल्ब पिवळा पडतो. कॉम्प्युटर यूपीएसवर, त्याला पत्ताच नाही. राऊटर मात्र थेट भिंतीतल्या बोर्डावर. तो बसतो, उठतो, आणि उठून जुळवाजुळव करायला त्याला दोन-तीन मिनिटं लागतात. एवढ्या मोठ्या पेटीला बॅटरीचा टेकू दिला आणि जो जेमतेम दहा-बारा वॅट खातो त्याला वाऱ्यावर सोडलं. वर पडद्यासमोर बसून म्हणायचं, लाईट तर गेलीच नाही!

*

शेजारच्या अण्णांना म्हटलं, ऑटोस्विच काढून बघता का? "मग रात्री बाराला मोटार चालू करायला उसातनं तू जाशील का? परवाच बिबट्या दिसलाय." विषय संपला.

*

राऊटरसाठी बारा व्होल्टचा छोटा यूपीएस आणला. विटेएवढा असेल.

*

तिसरा आजार नंतरचा, वहीत एकदाच. राऊटरवर लाल दिवा, म्हणजे प्रकाशच येत नाही. यावर घरात इलाज नाही. पिंग बघत बसू नये. उसाची डबल ट्रॉली चालली होती, वर कांडी थोडी जास्तच रचलेली, खांबावरून लोंबणारी फायबर ओढून घेऊन गेली. फायबर म्हणजे काच. तिला पीळ मारून चिकटपट्टी लावता येत नाही, यंत्रानं वितळवून सांधावी लागते. पोरगा दुसऱ्या दिवशी आला, शेताच्या बांधावर बसून केसाएवढी काच जोडली. गळीत हंगाम असेपर्यंत हे चालणारच, असं म्हणाला. त्याच्या बॅगेत जादा केबलीचं वेटोळं होतं.

*

वही परवा बंद केली. काल रात्री पावणेअकराला लाईट गेली, दोन्ही पिंग चालू राहिले. पाच मिनिटांत अण्णांची दोन नातवंडं मोबाईल घेऊन आमच्या ओट्यावर येऊन बसली. पासवर्ड त्यांना आधीच माहीत होता.