रेवदंड्याची गाज आणि माझं घोरणं

मागच्या जानेवारीत आम्ही दोघं दोन रात्रींसाठी रेवदंड्याला गेलो होतो. बायकोच्या मनात खरं तर अंदमान होतं. तिच्या शाळेतल्या दोघी-तिघी जणी जाऊन आल्या होत्या, निळ्या पाण्याचे फोटो स्टाफरूममध्ये फिरत होते. पण दवाखाना आठवडाभर बंद ठेवायची माझी हिंमत होईना. "समुद्र आहे, नारळ आहेत, मासे आहेत, बेटावर अजून वेगळं काय असतं?" असं म्हणून मी विषय संपवला. लग्नाला २७ वर्षं झाल्यावर अशा वाक्यावर भांडण होत नाही, बॅग भरली जाते.

ठाण्याहून शनिवारी सकाळी निघालो. वडखळ ओलांडल्यावर गाडी चालवता चालवता माझे डोळे मिटू लागले. सकाळचे साडेदहा वाजले होते आणि आदल्या रात्री मी सात तास झोपलो होतो, तरीही. टपरीवर चहा घेतला, तोंडावर पाणी मारलं आणि पुढे गाडी तिने चालवली. "दमलायत तुम्ही," ती म्हणाली. मलाही तसंच वाटलं. दमलो होतो म्हणून तर निघालो होतो.

अलिबागपासून आक्षी, नागाव, चौल करत रेवदंड्याला पोचलो. जुन्या पोर्तुगीज किल्ल्याच्या तटाच्या आत नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत, घरं आहेत, गावाचा रोजचा व्यवहार तटाच्या साक्षीने चालतो. आमची सोय अशाच एका वाडीतल्या घरी होती. मागच्या बाजूने दोन मिनिटं चाललं की सुरूची झाडं, आणि पलीकडे समुद्र. संध्याकाळी घरमालकांनी पोपटी लावली होती. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी आणि भोवती जाळ. मी पोटभर जेवलो, बरोबर दोन बाटल्या बिअर घेतली आणि दहा वाजता झोपलो.

आता थोडं घरातलं सांगतो. गेली सहा वर्षं आम्ही घरी वेगवेगळ्या खोल्यांत झोपतो. सगळ्यांना सांगायचं कारण असं, की रात्री मला पेशंटचे फोन येतात आणि तिला पाचला उठून शाळा गाठायची असते. खरं कारण माझं घोरणं. दोघांनाही ते माहीत होतं, पण सोय झाली होती आणि त्यावर बोलायची गरज उरली नव्हती. रेवदंड्याला एकच खोली होती आणि एकच पलंग.

सकाळी उठलो तर ही पडवीत बसलेली, डोळे लाल. नव्या जागी झोप लागली नसणार, असं मी लगेच ठरवलं आणि माझ्यातला डॉक्टर सुरू झाला. अनोळखी जागी पहिल्या रात्री मेंदूचा एक भाग दुसऱ्यापेक्षा जास्त सावध राहतो, अमेरिकेतल्या ब्राऊन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ साली हे दाखवलंय, डॉल्फिन तर अर्धा मेंदू जागा ठेवूनच झोपतात, वगैरे. तिने सगळं ऐकून घेतलं.

"तसं काही नव्हतं," ती म्हणाली. "तुमचा श्वास थांबत होता. मी मोजत बसले होते."

मी हसलो. ती हसली नाही. सगळ्यात लांब थांबला तो ३८ सेकंद, असं तिने सांगितलं. घड्याळ लावून मोजलं होतं. "दर वेळी वाटायचं, आता हलवू. तेवढ्यात तुम्ही गुदमरल्यासारखा मोठा श्वास घ्यायचात आणि पुन्हा सुरू."

मी म्हणालो, दमलो होतो, बिअर घेतली होती, पाठीवर झोपलो की होतं असं कधीकधी.

"तुमच्या दवाखान्यात एखाद्या बाईने नवऱ्याबद्दल हेच सांगितलं असतं तर?"

मी उत्तर दिलं नाही. चहा घेऊन आम्ही किल्ला बघायला निघालो. एरवी मी चालता चालता इतिहास सांगितला असता. १५७०-७१ मध्ये निजामशाहीने घातलेला वेढा पोर्तुगीजांनी कसा सोसला, १७४० साली हे ठाणं मराठ्यांकडे कसं आलं. त्या दिवशी सातखणी मनोऱ्यापर्यंत आम्ही जवळजवळ मुक्यानेच गेलो. नावापुरताच सातखणी, वरचे मजले केव्हाच पडलेत. खाडीपलीकडे कोर्लईचा डोंगर दिसत होता. मला तिचा राग आला होता, हे इथे कबूल केलेलं बरं. आरामासाठी आलोय आणि ही रोग शोधतेय, असं वाटत होतं. किती नवरे हाच राग घेऊन माझ्यासमोर बसतात, आणि "बायको म्हणते म्हणून आलो" असं सांगतात!

दुपारी सुरूच्या सावलीत बसलो असताना तिने मोबाईल माझ्या हातात दिला. रात्री तिने आवाज रेकॉर्ड केला होता, अकरा मिनिटांचा. आधी माझं घोरणं, वाढत गेलेलं. मग एकदम बंद. त्या शांततेत मागची समुद्राची गाज स्पष्ट ऐकू येत होती. एक लाट, दुसरी, तिसरी. माझा श्वास नाही. मग पाण्यातून वर आलेल्या माणसासारखा एक हिसका आणि पुन्हा घोरणं. अकरा मिनिटांत हे सात वेळा झालं. आठव्यांदा मी मोबाईल बंद केला.

याला स्लीप ॲप्निया म्हणतात, म्हणजे झोपेत पुन्हा पुन्हा श्वास अडणं. जागेपणी घशातले स्नायू श्वासाची वाट उघडी धरून ठेवतात. झोपेत ते सैल पडतात. वाट आधीच अरुंद असेल, म्हणजे गळ्याभोवती चरबी असेल, जबडा लहान असेल, टॉन्सिल मोठे असतील, तर जीभ आणि मऊ टाळू मागे येऊन ती आणखी चिंचोळी होते. त्यातून हवा जाताना पडदे फडफडतात, ते घोरणं. वाट पूर्ण मिटली की आवाज थांबतो. घरच्यांना वाटतं, चला, आता शांत झोपले. प्रत्यक्षात छाती आत हवा ओढायची धडपड करत असते आणि हवा जात नसते. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, कार्बन डायऑक्साइड चढतो. शेवटी मेंदू काही क्षणांपुरता जागा होतो, ॲड्रिनलिन उसळतं, घसा उघडतो. झोपलेल्याला यातलं काहीच आठवत नाही. आठ तास झोपूनही माणूस सकाळी शिळाच उठतो.

दहा सेकंद किंवा जास्त वेळ श्वास थांबला, तर तो मोजला जातो. उथळ झालेले श्वासही धरून तासाला पाचपेक्षा कमी वेळा असेल तर मोठ्या माणसात ते ठीक मानतात, १५ पर्यंत सौम्य, ३० पर्यंत मध्यम, त्यापुढे तीव्र. दारूने आणि काही झोपेच्या गोळ्यांनी घशाचे स्नायू आणखी सैल पडतात. पाठीवर झोपल्यावर जीभ मागे पडते. म्हणजे बिअर आणि पाठीवर झोपणं ही माझी दोन कारणं खरी होती. पण त्यांनी आजार आणला नव्हता, असलेला वाढवला होता.

त्या वाळूत बसून मी माझा स्वतःचा केसपेपर मनात लिहिला. वय ५४. शर्टाची कॉलर ४२ ची. ब्लडप्रेशरला दोन गोळ्या चालू, तरी वरचा आकडा १५० च्या आसपास, म्हणून महिन्यापूर्वी तिसरी सुरू केलेली, तीही मीच माझ्या मनाने. रात्री दोनदा लघवीला उठणं, ज्याचा दोष मी प्रोस्टेटला दिला होता. श्वास अडला की हृदयावर ताण येतो आणि त्यातून लघवी वाढवणारं संप्रेरक सुटतं, हे मला वाचून माहीत होतं. सकाळी डोकं जड. दुपारी जेवणानंतर पेशंट बोलत असताना एकदा लागलेली डुलकी. आणि वडखळचा तो चहा. हा कागद दुसऱ्या कुणाचा असता तर मी दोन मिनिटांत निदान केलं असतं.

त्या रात्री बिअर नाही, जेवण लवकर, आणि मी कुशीवर झोपावं म्हणून तिने माझ्या पाठीशी लोड लावून ठेवला. ती पाच मिनिटांत झोपली, आदल्या रात्रीचं जागरण होतंच. मी बराच वेळ जागा होतो. सहा वर्षांनी तिचा श्वास ऐकत होतो.

घरी आल्यावर झोपेची तपासणी केली. हल्ली पुष्कळदा ती घरीच होते, बोटाला, छातीला आणि नाकाशी सेन्सर लावून. माझा आकडा तासाला ३८ आला, आणि ऑक्सिजन सगळ्यात कमी ७४ टक्क्यांपर्यंत गेलेला. माझ्या छातीरोगतज्ज्ञ मित्राने सीपॅप सुचवलं. हे मशीन मास्कमधून हवेचा हलका दाब देतं आणि त्या दाबाने घसा आतून उघडा राहतो. सिडनीच्या डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ साली पहिल्या पाच रुग्णांवरचा अनुभव 'लॅन्सेट'मध्ये छापला, तेव्हाचा जुळवलेला पंखा व्हॅक्यूम क्लीनरच्या जातीचा होता. त्याआधी तीव्र त्रास असलेल्यांना गळ्याला भोक पाडण्यावाचून फारसा इलाज नव्हता.

पहिले तीन आठवडे वाईट गेले, हे लपवत नाही. नाक कोरडं पडायचं, मास्क सुटायचा, एका रात्री मी तो झोपेतच काढून फेकला. मास्कचं माप बदललं, मशीनला पाण्याचं भांडं जोडलं, तेव्हा कुठे जमलं. पंधरा दिवसांत मशीन कपाटात ठेवणारे पुष्कळ पेशंट मी पाहिलेत आणि त्यांना ओरडलोही आहे. आता ओरडत नाही, मास्क घेऊन या म्हणतो.

फायदा किती? दिवसाची झोप गेली, सकाळचं डोकं हलकं झालं, रात्रीचं उठणं जवळजवळ थांबलं. ब्लडप्रेशर थोडंच उतरलं, आणि त्यात चार किलो वजन कमी केल्याचा वाटा असेलच. तिसरी गोळी थांबली, तीही या वेळी मित्राला विचारून. हृदयविकार टळेल का? इथे मला जपून बोलायला हवं. आधीच हृदयविकार किंवा पक्षाघाताचा इतिहास असलेल्या २,७०० हून अधिक लोकांवरचा 'सेव्ह' नावाचा अभ्यास २०१६ साली आला. त्यात मशीनमुळे झोपाळूपणा आणि घोरणं कमी झालं, मनःस्थिती सुधारली, पण पुढचे झटके कमी झाले नाहीत. त्या लोकांनी मशीन रात्री सरासरी सव्वातीन तासच वापरलं होतं, हाही मुद्दा आहेच. मी मशीन लावतो ते मुख्यतः जागेपणी जागं राहता यावं म्हणून. मी गाडी चालवतो, लोकांना औषधं लिहून देतो.

प्रत्येक घोरणाऱ्याला हा आजार नसतो. पण मोठ्याने घोरणं, दिवसा पेंगणं, कुणीतरी श्वास थांबताना पाहणं, ब्लडप्रेशर, पन्नाशीपुढचं वय, लठ्ठपणा, जाड मान, पुरुष असणं, यातल्या तीन-चार गोष्टी जमल्या तर डॉक्टरांना सांगा. शेवटच्या गोष्टीवरून फसू नका. पाळी गेल्यानंतर बायकांमध्येही हा आजार वाढतो. त्या घोरण्याची तक्रार घेऊन येत नाहीत. थकवा, निद्रानाश, डोकेदुखी, उदास वाटणं घेऊन येतात, आणि आम्ही त्यांना रक्तवाढीच्या नाहीतर झोपेच्या गोळ्या देतो. शिवाय श्वास मोजायला शेजारी कुणीतरी जागं लागतं. नवरे सहसा झोपलेले असतात.

या डिसेंबरात आम्ही पुन्हा त्याच वाडीत गेलो. फोनवर मी आधी विचारलं ते पलंगाजवळ प्लग आहे का. मशीन बघून घरमालकांच्या पत्नीला कुतूहल वाटलं. मी थोडक्यात सांगितलं, तशा त्या म्हणाल्या, "आमचे हे पण जाम घोरतात हो डॉक्टर. वाडीच्या टोकाला ऐकू जातं."

"मध्येच थांबतात का?" मी विचारलं.

"थांबतात की. तेवढ्यातच माझा डोळा लागतो."

मी त्यांना म्हटलं, जरा काकांना हाक मारा.