दादाची व्हॅन

आमच्या घरासमोर, विहाराच्या भिंतीला लागून, कडुनिंबाखाली एक पांढरी व्हॅन उभी असते. २००५ सालची. माझ्या थोरल्या भावाने, दादाने, ती २०११ मध्ये सेकंडहँड घेतली. दादा वायरमन होता. मागच्या सीट काढून शिडी, वायरची बंडले आणि स्विचबोर्डची पेटी घेऊन तो सारे नागपूर पालथे घालायचा. रात्री-बेरात्री वस्तीत कुणाचे दुखले-खुपले की हीच व्हॅन मेडिकलच्या वाटेला लागायची. त्याने कुणाकडून पेट्रोलचे पैसे मागितल्याचे मला आठवत नाही. वहिनीला मात्र आठवते. कारण ते पैसे तिच्या डब्यातून जायचे.

एप्रिल २०२१ मध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, दादा गेला. व्हॅन राहिली. वहिनीला गाडी चालवता येत नव्हती, मला येत होती. मी एका कार्यालयात लिपिक आहे आणि उरलेल्या वेळात महिला मंडळाचे काम पाहते. रेशनकार्ड, शिष्यवृत्तीचे अर्ज, रुग्णालयाच्या चकरा, असे ते काम. त्यामुळे व्हॅन आपोआप माझ्याकडे आली. लोक तिला अजूनही दादाची व्हॅनच म्हणतात. मीही तेच म्हणते.

जुलै २०२३ मधली एक रात्र मी विसरू शकत नाही. पाऊस कोसळत होता. दीडच्या सुमारास शेजारच्या घरातल्या मावशी दार वाजवू लागल्या. त्यांच्या सुनेला कळा सुरू झाल्या होत्या, पहिलेच बाळंतपण. मी चावी घेऊन धावले. सेल्फ मारला. इंजिन जोरात फिरले, घुर्र घुर्र करत राहिले, पण धरले नाही. पुन्हा मारला, पुन्हा तेच. मागे ती मुलगी सासूचा हात आवळून बसलेली, छत्री धरून नवरा उभा, आणि मी आपली चावी फिरवते आहे. कुणीतरी १०८ ला फोन लावला, पण तेवढ्यात कोपऱ्यावर एक ऑटो मिळाला आणि त्यातूनच ते मेडिकलला गेले. पहाटे मुलगी झाली. दोघी सुखरूप. मावशींनी मला एका शब्दाने बोल लावला नाही. पण त्यानंतर त्यांच्या घरात कुणाला ताप आला तर ते सरळ ऑटो बोलावू लागले, माझे दार वाजले नाही. हे मला फार लागले.

मग सुरू झाली दुरुस्ती. पहिला मिस्त्री म्हणाला, बॅटरी गेली. नवी बॅटरी टाकली, बेचाळीसशे रुपये. गाडी चालू झाली. दोन आठवड्यांनी, पाऊस पडून गेल्यावर, पुन्हा तेच. दुसरा म्हणाला, प्लग खराब आहेत. प्लग बदलले, प्लगकडे जाणाऱ्या जाड वायरी बदलल्या. चार दिवस बरे गेले. तिसरा म्हणाला, टाकीतला पेट्रोलचा पंप गेला. पंपही बदलला. या वेळी गाडी चांगली चालली, सगळा हिवाळा आणि उन्हाळा तिने एकदाही त्रास दिला नाही. मी मंडळाच्या बैठकीत सांगूनही टाकले की आता निर्धास्त राहा. आणि जून २०२४ मध्ये, पहिल्या मोठ्या पावसाच्या दुसऱ्या दिवशी, व्हॅन पुन्हा नुसती घुरघुरत बसली.

तोवर साडेनऊ हजारांच्या वर खर्च झाला होता. माझ्या पगारात ही रक्कम लहान नाही. मी वहिनीला म्हटले, विकून टाकू. भंगारवाल्याने पंचवीस हजार सांगितले होते. वहिनी काही बोलली नाही. भाकरी थापता थापता तिचे हात थांबले एवढेच. मग म्हणाली, "ताई, पाऊस तरी जाऊ द्या ना जी. इतक्यात नका विकू." पावसाचा आणि विकण्याचा काय संबंध, हे मी विचारले नाही.

आमच्या वस्तीत एक काका आहेत, हिंगण्याच्या एसटी वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. त्यांच्याकडे आधीच जायला हवे होते. पण ते डिझेलवाले, त्यांना पेट्रोलच्या गाडीतले काय कळणार, असे माझ्या मनात होते. तेही हसून म्हणाले, "जन्म डिझेलमध्ये गेला, बाई. तिथे ठिणगीचा प्रश्नच नाही, दाबानेच पेट घेते. पण बघू. इंजिन डिझेलचे असो की पेट्रोलचे, खोटे बोलत नाही."

मी समजत होते, ते येतील आणि पाना काढतील. त्यांनी पाना काढलाच नाही. खुर्ची मागितली, चहा घेतला आणि विचारले, "बंद कधी कधी पडली? तारखा सांग."

आता तारखा मी लिहून ठेवल्या नव्हत्या. पण बिले होती. कारकुनाच्या घरात दुसरे काही सापडो न सापडो, बिलांची फाइल सापडते. ती उघडून काकांसमोर ठेवली. बॅटरी जुलै, प्लग ऑगस्ट, पंप सप्टेंबर. मधले आठ-नऊ महिने कोरे. आणि आता जून. काकांनी बोट ठेवून म्हटले, "ही पावसाळ्यातच आजारी पडते. तुझ्या मिस्त्र्यांनी पाऊस विचारला होता का?" कुणीच विचारला नव्हता. मीही सांगितला नव्हता.

मला तेव्हा माझीच लाज वाटली. मी बी.कॉम. झालेली. तेरीज जुळत नसेल तर कुणी आकडे अंदाजाने खोडत नाही. आधी फरक किती तो काढायचा. फरकाला नऊने पूर्ण भाग गेला तर बहुधा दोन अंकांची अदलाबदल झालेली असते, ५४ च्या जागी ४५ लिहिले गेलेले असतात. फरक सम असेल तर त्याचा अर्धा आकडा शोधायचा, जमेची रक्कम नावे पडली असण्याची शक्यता असते. मग एकेक व्हाउचर तपासत जायचे. हे मी वीस वर्षे करते आहे. आणि गाडीच्या बाबतीत मी तीन वेळा आकडे खोडले होते, तेही पैसे देऊन!

काकांनी समजावले ते असे. सेल्फ मारल्यावर नुसते टक-टक वाजते किंवा इंजिन मरगळल्यासारखे फिरते, तेव्हा बॅटरी किंवा तिची टोके पाहावीत. सेल्फ जोमाने फिरत असेल तर बॅटरीमागे धावण्यात अर्थ नाही. मग तीनच गोष्टी उरतात. पेट्रोल हवेत मिसळून पोचते का, ठिणगी पडते का, आणि दाब तयार होतो का. आणि हे तिन्ही वेळेवर होते का. फिरण्याचा आवाज नेहमीसारखा ठेक्यात असेल तर दाब बहुधा ठीक असतो. एकाएकी इंजिन हलके आणि भरभर फिरू लागले तर टायमिंगचा पट्टा तुटल्याची शंका घ्यावी आणि सेल्फ मारणे तिथेच थांबवावे. एरवीही एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नये, मध्ये मिनिटभर विश्रांती द्यावी, नाहीतर स्टार्टरची मोटर तापते आणि धडधाकट बॅटरीही उतरते. मी त्या रात्री किती मारला होता, ते विचारू नका.

आमच्या व्हॅनचा ठेका ठीक होता. काटा अर्धी टाकी दाखवत होता, पण काकांचा काट्यावर विश्वास नाही. त्यांनी दोन लिटर पेट्रोल आणून ओतायला लावले. नाही झाली चालू. मग म्हणाले, "सगळे गप्प बसा, आणि तू फक्त चावी फिरव. सेल्फ मारू नको." मी चावी अर्धी फिरवली. "ऐकू आले?" काहीच नाही. ज्या गाडीत पंप टाकीत असतो आणि विजेवर चालतो, तिथे चावी फिरवताच मागून दोन सेकंद 'झूंऽऽ' असा बारीक आवाज येतो. इतकी वर्षे तो आवाज माझ्या कानांवर पडत असणार. तो नाही म्हणून मला कधी जाणवले नाही, कारण तो आहे हेच ठाऊक नव्हते.

इंजिन पुढच्या सीटखाली. सीट उचलून काकांनी प्लग काढला. कोरडा. ओला असता, पेट्रोलचा वास मारत असता, तर पेट्रोल पोचते पण पेटत नाही, असा हिशेब झाला असता. पंपाचा फ्यूज काढून, पेट्रोलपासून दूर, त्यांनी प्लगची बॉडी इंजिनच्या लोखंडाला घट्ट टेकवून ठिणगी पाहिली. निळी, कडक. (हा प्रयोग घरच्या मंडळींनी करू नये. झटका जबरदस्त बसतो आणि जवळ पेट्रोलची वाफ असेल तर आगच.) म्हणजे ठिणगी आहे, दाब आहे, पेट्रोल नाही. तीन खात्यांतली दोन जुळली.

फ्यूज ठीक. रिले बदलून पाहिली, तीही ठीक. मग मागची चटई उचलून ते पंपाच्या वायरीपाशी गेले. त्यांच्याकडे एक साधा बल्ब होता, दोन वायरी जोडलेला. बल्बची एक वायर पंपाच्या करंटच्या वायरीला आणि दुसरी गाडीच्या स्वच्छ घासलेल्या पत्र्याला लावली आणि मला चावी फिरवायला सांगितली. बल्ब पेटला. म्हणजे वीज येते आहे. मग तीच दुसरी वायर पत्र्यावरून काढून पंपाच्या काळ्या वायरीला लावली. पुन्हा चावी. बल्ब विझलेला.

काका गुडघ्यांवर बसूनच म्हणाले, "अर्थ गेला."

मी म्हटले, "काय?"

"अर्थ गं. अर्थिंग. वीज आत येते, पण परत जायला वाट नाही. पंप फिरणार कसा?"

मी तशीच घरात गेले. कपाटात दादाची छोटी डायरी होती. तो गेल्यावर महिनाभराने मी ती एकदा वाचली होती, आणि पुन्हा उघडायचे धाडस झाले नव्हते. पेट्रोलचे आकडे, कुणाकडे किती मजुरी बाकी, असलेच सगळे. पण त्यात दरवर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात एक ओळ होती. २०१७, २०१८, २०१९. 'पाऊस. अर्थ तपासणे.' मी कॉमर्सची. मला वाटले होते, शाळा उघडायच्या, मुलांची फी, वह्या-पुस्तके, पावसात कामे कमी, म्हणून बिचारा घरचा हिशेब बघायला बसत असेल. त्या ओळीवर मी रडले होते. वायरमनची भाषा माझ्या लक्षातच आली नव्हती.

मागच्या दाराचे रबर झिजले होते. तिथून पावसाचे पाणी चटईखाली जायचे, आणि जिथे काळी वायर पत्र्याला बोल्टने आवळली होती तिथे गंज धरायचा. दादा दरवर्षी ते घासून साफ करायचा. तो गेल्यावर कुणी केले नाही. आणि काकांनी आणखी एक गोष्ट उलगडली, जी मला सर्वांत चटका लावून गेली. नवी बॅटरी बसली तेव्हा जोर थोडा वाढला म्हणून गंजातूनही काही दिवस काम चालले. प्लग बदलले त्या आठवड्यात पावसाने उघडीप दिली होती, गाडी आपोआपच वाळली. पंप बदलताना तिथल्या वायरी हलल्या, तेवढ्यापुरते लोखंड लोखंडाला भिडले. प्रत्येक मिस्त्र्याला वाटले, आपलेच निदान खरे. त्यांना फसवायचे नव्हते. गाडी चालू झाली हाच त्यांचा पुरावा होता, आणि पैसे देताना माझाही.

दहा रुपयांचा काचकागद आणला. काकांनी पत्रा चकाकेपर्यंत घासला, वायरीचे टोक घासले, बोल्ट आवळला, वर ग्रीसचा लेप दिला. दाराचे रबर नंतर साडेतीनशेत बदलले. चावी फिरवली. झूंऽऽ. सेल्फ मारला आणि इंजिनने पहिल्याच घासात धरले. वहिनी दारात उभी होती. ती आत निघून गेली, आणि बऱ्याच वेळाने काकांसाठी पोहे घेऊन बाहेर आली.

काकांनी मजुरी घेतली नाही. मी आग्रह केला तेव्हा म्हणाले, "तुझ्या भावाने माझ्या घरची वायरिंग केली तेव्हाचा हिशेब बाकी आहे." त्या हिशेबाची नोंद डायरीत कुठेच नाही. मी शोधली.

२०२५ मध्ये व्हॅनची नोंदणी पुन्हा पाच वर्षांसाठी करून घेतली. भंगारवाला अजून अधूनमधून विचारून जातो. वहिनी गाडी शिकते आहे. क्लच सोडताना अजून झटका देते. पण चावी अर्धी फिरवून ती आधी थांबते, पदर कानामागे सारते आणि मान मागे वळवून ऐकते.

"आला का आवाज?" मी विचारते.

"आला जी."

मग ती सेल्फ मारते.